वारा लागू नये म्हणून

कोथरूडच्या घरातलं बाल्कनीचं दार उघडं ठेवायचं की बंद, यावरून आई आणि मी एका उन्हाळ्यात महिनाभर भांडलो. नव्वदच्या दशकातली गोष्ट. मी पहिल्या बाळंतपणाला माहेरी आले होते आणि आई पन्नाशीला टेकली होती. घर तिसऱ्या मजल्यावर, वर थेट गच्ची. दुपारी छत इतकं तापायचं की पंख्यातून गरम वाराच अंगावर यायचा. मी दाराला कडी घालायचे, आई येऊन काढायची. मी पुन्हा घालायचे. "बाळंतिणीला वारा लागतो," मी म्हणायचे. "कुठाय वारा? सापडला तर मलाही सांग," असं म्हणून ती दार सताड उघडायची आणि पदराने मान पुसत तिथेच उभी राहायची.

बघणाऱ्याला हे मायलेकींचं नेहमीचं वाजणं वाटलं असतं. बाबांना तसंच वाटत होतं. सकाळी डबा घेऊन कचेरीत निघताना ते चपला घालत म्हणायचे, "निकाल काय लागला ते संध्याकाळी कळवा."

पण मी दार वाऱ्यासाठी लावत नव्हते. मला भीती वाटत होती की मी माझ्या मुलीला त्या बाल्कनीतून खाली टाकेन.

आज हे वाक्य लिहिताना हात अडखळत नाही. तेव्हा जीव गेला असता तरी तोंडातून काढलं नसतं. मी मुळात बडबडी. आमच्या घरात मनात ठेवणं हा प्रकारच नव्हता. भाजीत मीठ कमी असलं तरी शेजारपाजारी कळायचं. आणि एवढी मोठी गोष्ट मी गिळून बसले होते.

सुरुवात झाली ती बारशानंतर. एका दुपारी मुलगी रडायची थांबेना म्हणून मी तिला खांद्यावर घेऊन बाल्कनीत गेले. कठडा जुन्या पद्धतीचा, माझ्या कमरेएवढा. वर जाळी नाही, गज नाहीत. खाली फरशी, त्यावर ओळीने लावलेल्या स्कूटर. मी सहज खाली बघितलं आणि मनात आलं, आत्ता हात सोडले तर? कोणी कानात सांगितलं नाही, काही दिसलं नाही, कसला आवाज आला नाही. माझ्याच मनातला, माझ्याच आवाजातला विचार होता. दूध उतू जातंय का बघावं, इतक्या साधेपणाने आला. मी आत आले, मुलीला पलंगावर ठेवलं आणि हात मागे घेऊन उभी राहिले.

वाटलं, झालं गेलं. गेलं कुठे. दुसऱ्या दिवशी पुन्हा आलं, मग दिवसातून कितीदा तरी. नुसता विचार होता तोवर ठीक होतं. नंतर चित्र दिसायला लागलं. ते मी इथे लिहिणार नाही. मुलगी मला नकोशी झाली होती असं मुळीच नाही. तिच्या टाळूचा वास घेतल्याशिवाय मला चैन पडत नव्हतं. ती झोपली की श्वास चालू आहे ना, म्हणून मी तिच्या नाकाशी बोट धरायचे. आणि हेच बोट उद्या काय करील याची मला खात्री वाटत नव्हती. जिच्यावर सगळ्यात जास्त जीव, तिला सगळ्यात मोठा धोका माझाच, हे घेऊन मी डिंकाचे लाडू खात बसले होते.

कोणाला सांगणार? पुण्यात वाढलेल्या माणसाला येरवडा म्हणजे काय ते समजावावं लागत नाही. एक तर तुरुंग, नाहीतर वेड्यांचं इस्पितळ. आमच्या शाळेत एकमेकींना चिडवायची तीच रीत होती. मला वाटायचं, मी तोंड उघडलं की मुलगी काढून घेतील आणि मला यांतल्या एका ठिकाणी पोचवतील. कुठल्या, एवढंच ठरायचं बाकी.

तेव्हा मी वाऱ्याचा आधार घेतला. कॉलेजात विज्ञान शिकलेली मी, बाळंतिणीने कानाला रुमाल बांधायचा असतो यावर नाकं मुरडणारी. माहेरी आल्या आल्या आईने रुमाल पुढे केला तेव्हा मीच म्हटलं होतं, "आई, हे तुझ्या आजीच्या काळातलं, मला नको." आता मी ऐन चैत्रात कान बांधून, पायात मोजे घालून, दारं-खिडक्या लावून बसू लागले. शेजारच्या काकू बघायला आल्या आणि आईला म्हणाल्या, "शिकलेली असून किती ऐकते हो तुमची मुलगी." आई म्हणाली, "माझं नाही ऐकत. कोणाचं ऐकते देव जाणे."

ती असं टोचून बोलायला लागली होती. माझी आई तशी तिखटच, पण मायेत कधी कसर करायची नाही. त्या दिवसांत मात्र ती कपबशी आपटायची. बाबांनी चहा गार झाला म्हटलं तर, "मग गरम असताना प्यायचा होता," असं म्हणून कप उचलून न्यायची. सकाळी मला आणि बाळाला न्हाऊमाखू घालून झालं की ती पलंगाखाली कोळशांची शेगडी ठेवायची आणि त्यावर ओवा टाकून शेक द्यायची. ते करताना तिचा चेहरा गळ्यापासून लालबुंद होत जायचा, ब्लाऊज पाठीला चिकटायचा. मधूनच ती उठून स्वयंपाकघरात जायची आणि फ्रिजचं दार उघडून उभी राहायची. काहीच न काढता दार लावायची. मला वाटलं, माझं बाळंतपण तिला जड जातंय. ती म्हणायची एकच, "उकडतंय." पुण्यात एप्रिलमध्ये उकडतं, त्यात विशेष ते काय.

आता विचार करते तर हसू येतं आणि रागही येतो. दोघी एका घरात, दोघींची अंगं दोघींना दगा देत होती, आणि आम्ही बोलत होतो हवामानावर.

मी मुलीला उभ्याने घेणं सोडून दिलं. दारापासून सगळ्यात लांबच्या कोपऱ्यात, भिंतीला पाठ लावून जमिनीवर बसायचे आणि तिथेच पाजायचे. ती रडली तरी उचलून फिरवायचे नाही. आई म्हणायची, "अगं, घे जरा खांद्यावर, जीव चाललाय तिचा रडून." "कंबर धरलीय," मी म्हणायचे. मग आईच घ्यायची आणि घेऊन सरळ बाल्कनीच्या दाराशी जायची, कारण तिला हवा हवी असायची. मी कोपऱ्यातून ओरडायचे, "आत ये, वारा लागेल तिला." आई वळून बघायची. त्या बघण्यात काय होतं ते मला तेव्हा कळत नव्हतं. मला वाटायचं, तिला मी नकोशी झालेय.

झोप तर उडालीच होती. दुपारी डोळा लागला की दचकून जागी व्हायचे आणि आधी दार बघायचे. कडी लागलेली असली तर मुलीकडे. काढलेली असली तरीही आधी मुलीकडे, मग उठून कडी घालायला.

सव्वा महिना भरत आला तसा घरात सूर्याचा विषय निघाला. आमच्याकडे सव्वा महिन्याने बाळाला सूर्य दाखवतात. सकाळचं कोवळं ऊन अंगणात आलं की आईने बाळाला दोन्ही हातांवर आडवं घ्यायचं, हात लांब करून उन्हात धरायचं आणि आजीने सूर्याला पाणी सोडायचं. मग त्याच दिवशी बुधवार पेठेतल्या गणपतीला न्यायचं. हे सगळं अंगण असलेल्या घरांसाठी ठरलेलं. आम्हाला अंगण कुठलं? पूर्वेकडे तोंड असलेली एकच जागा होती, बाल्कनी. ऊन तिथे कठड्याच्या बाहेरच्या अंगाला आधी यायचं. म्हणजे हात कठड्यावरून पुढे काढून बाळाला धरायला हवं. घरात कोणालाच त्यात वावगं वाटत नव्हतं. माझ्या मावसबहिणीने तसंच धरलं होतं, तिचा फोटोही होता. आई तो फोटो काढून दाखवायची. मी बघायचे नाही.

मी टाळाटाळ सुरू केली. एकदा म्हटलं, मुलीला सर्दी आहे. पुढच्या वेळी म्हटलं, मलाच कणकण आहे. खरंच अंग गरम लागलं, भीतीनेही लागतं. शेवटी सासूबाईंचा फोन आला. शनिवार पेठेतल्या माणसाचा फोन म्हणजे थोडक्यात काम. "रविवारी आम्ही दोघं येतोय. सूर्य रोज उगवतो, तेव्हा अडचण नसावी." दोघं म्हणजे त्या आणि माझा नवरा.

त्या शनिवारी मी काही खाल्लं नाही. आईने लाडू पुढे केला तर ताट सरकवलं. आई म्हणाली, "माझ्यावरचा राग लाडवावर काढू नकोस." मला रडू आलं, पण मी मान फिरवली आणि ते तिला दिसलं नाही.

रविवारी सकाळी सगळे बाहेरच्या खोलीत. सासूबाई काठाची साडी नेसून आल्या होत्या, हातात पाण्याचा तांब्या. नवऱ्याने कॅमेरा आणला होता. बाबा नवी बंडी घालून खुर्चीत बसले होते. आईने पुढे होऊन बाल्कनीचं दार उघडलं, दोन्ही फळ्या भिंतीला टेकवल्या. समोर कठडा आणि त्यावर पिवळं ऊन.

"तुम्ही धरा ना, अहो आई," मी सासूबाईंना म्हटलं.

"आईनेच धरायचं असतं गं."

"मग तू धर," मी नवऱ्याला म्हटलं.

"मी फोटो काढतोय. अगं, दोन मिनिटांचं काम आहे," असं म्हणत त्याने पाळण्यातून मुलीला उचललं आणि माझ्या हातांवर ठेवलं. ती जागी होती. टकमक बघत होती. माझी बोटं तिच्या दुपट्यात रुतली. पाठीमागून सासूबाईंनी खांद्याला हात लावून मला हलकेच पुढे केलं. मी एक पाऊल टाकलं, मग दुसरं. उंबऱ्याशी आले तेव्हा मला कठड्यापलीकडच्या स्कूटर दिसल्या. आणि ते चित्र इतकं लख्ख समोर आलं की ते घडून गेलंय असंच वाटलं. मी मुलीला छातीशी आवळून उंबऱ्यावरच फतकल मारली.

"चक्कर आली का?" नवरा पुढे आला.

"मी हिला खाली टाकेन," मी म्हटलं. "मला रोज तसं मनात येतं. म्हणून मी दार लावते. मला तिकडे नेऊ नका."

सासूबाईंच्या तांब्यातलं पाणी हिंदकळून फरशीवर सांडलं. नवरा कसनुसं हसला आणि म्हणाला, "काहीतरीच काय." बाबांनी त्याच्याकडे असं बघितलं की त्याने कॅमेरा खाली ठेवला. मी मान वर करून आईकडे बघायला घाबरत होते. आता ती येईल आणि माझ्या हातातून मुलगी ओढून घेईल, असं वाटत होतं. कोणीही घेतली असती. मीसुद्धा घेतली असती.

आई आली. तिने मुलीला हात लावला नाही. माझ्या काखेत हात घालून मला मुलीसकट आत सरकवलं, बाल्कनीचं दार लोटलं आणि वरची, खालची, दोन्ही कड्या घातल्या. मग माझ्याशेजारी जमिनीवर बसली. तिचा श्वास लागला होता.

"कधीपासून?"

"बारशापासून."

"आणि मी रोज ते दार उघडत होते," आई म्हणाली. तिचा आवाज मी तसा कधी ऐकला नव्हता. "तू लावायचीस, मी उघडायचे. मला वाटलं, मला डिवचायला लावतेस."

मी रडायला लागले, ते किती वेळ रडले कोण जाणे. मुलगी माझ्याच मांडीवर होती. आईने ती तिथेच राहू दिली. आयुष्यात मला पुष्कळ लोकांनी पुष्कळ दिलं, पण त्या सकाळी माझ्याकडून मुलगी न काढून घेणं, याच्या तोडीचं कोणी काही दिलेलं नाही.

सासूबाई हळूच म्हणाल्या, "आमच्या घराण्यात असं कधी कोणाला झालं नाही हो."

"आमच्याही नव्हतं," आई म्हणाली. "आता आहे. तुम्हाला चहात साखर किती?"

दुसऱ्या दिवशी आई मला बाळंतपण केलेल्या डॉक्टरबाईंकडे घेऊन गेली आणि त्यांनी मनाच्या डॉक्टरांकडे पाठवलं. त्याही बाईच. मी येरवड्याची तयारी करूनच खुर्चीत बसले होते. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, मधे तोंड वाकडं केलं नाही. म्हणाल्या, बाळंतपणानंतर कितीतरी बायकांच्या मनात असं येतं आणि बहुतेकजणी तुमच्यासारख्याच गप्प बसतात. मनात येणं वेगळं आणि करावंसं वाटणं वेगळं. तुम्ही तर महिनाभर तिला राखत बसला आहात. पाजत असताना चालतील अशा गोळ्या दिल्या, दर आठवड्याला येऊन बोलायला सांगितलं, झोप हवीच म्हणाल्या, आणि काही दिवस सोबतीला कायम कोणीतरी असू दे, असं आईला बजावलं. "दाराचं काय करायचं?" मी विचारलं. "हळूहळू उघडू या. तुम्ही म्हणाल तेव्हा. आज नको."

उठता उठता त्यांनी आईकडे बघितलं. आई पंख्याखाली बसूनही निथळत होती. "आणि तुम्ही? तुम्हाला झोप लागते का?"

"मला काय धाड भरलीय," आई म्हणाली. "आधी हिचं बघा."

घरी आल्यावर आईने माळ्यावरून एक जुनं कुलूप काढलं, बाल्कनीच्या कडीला लावलं आणि किल्ली कमरेच्या जुडग्यात अडकवली. संध्याकाळी बाबांनी ते बघितलं. "आपण तुरुंगात राहायला आलो का?"

"येरवड्यापेक्षा बरा आहे. इथे चहा मिळतो," आई म्हणाली. मला इतक्या दिवसांत पहिल्यांदा हसू आलं.

त्यानंतरचा वैशाख आम्ही त्या कुलपाआड काढला. छत तापायचं, भिंती तापायच्या. आई मानेवर ओला पंचा टाकून फिरायची. दुपारी मी झोपले की ती मोरीत जाऊन पायांवर पाणी ओतत बसायची, तो आवाज मला झोपेत यायचा. पण कुलूप उघडल्याचा आवाज कधी आला नाही. मी गाढ झोपेत असले तरी नाही, मुलगी बाबांकडे असली तरी नाही. जी बाई महिनाभर त्या दारासाठी माझ्याशी कडाकडा भांडली, ती त्याबद्दल पुन्हा एक अक्षर बोलली नाही. उकडतंय हा शब्दच तिने टाकून दिला. मी याची नोंदही घेतली नाही. माझ्या गोळ्यांना गुण येत होता, चित्र फिकं होत होतं, मी माझ्यातच होते.

श्रावणात एका सकाळी मीच म्हटलं, "आई, किल्ली दे." तिने विचारलं नाही कशाला. मी कुलूप काढलं, मुलीला घेतलं आणि बाल्कनीत गेले. विचार आला. आला आणि उभा राहिला, मीही उभी राहिले. मग तो गेला. कठड्यावरून हात पुढे काढायची कोणाची छाती नव्हती, तेव्हा मुलीने सूर्य माझ्या खांद्यावरूनच बघितला, तोही ढगातला. मागे वळले तेव्हा कळलं की आईने माझ्या गाऊनचा घोळ मुठीत धरून ठेवला होता.

ती मुलगी आता हिंजवडीला नोकरी करते. तिला मी हे सगळं सांगितलंय. "चिल, आई, टाकलं नाहीस ना," एवढंच म्हणाली आणि मग बराच वेळ माझा हात धरून बसली.

गेल्या वर्षी माझीही पाळी जायला लागली. ऐन थंडीत, पुण्यात लोक स्वेटर घालून फिरत असताना, पोटातून एक वाफ उठायची आणि कानांपर्यंत चढायची. असं वाटायचं की अंगावरचे कपडे फाडून रस्त्यावर पळत सुटावं. नवऱ्याचा शब्द कानावर पडला तरी डोकं फिरायचं. एका सकाळी मी घरातल्या सगळ्या खिडक्या उघडल्या, तो शालीत गुरफटून कुरकुरायला लागला, "अगं, एक तरी लाव." "लावलीस तर बघ," मी किंचाळले. आणि तिथेच थबकले. फ्रिजपुढे उभी असलेली आई मला दिसली. शेगडीशी बसलेली आई दिसली.

मी रिक्षा केली आणि कोथरूडला गेले. बाबा आता नाहीत. आई पंचाहत्तरी ओलांडून त्याच घरात एकटी राहते, बाल्कनीला केव्हाच जाळी बसली आहे. ती मटार सोलत होती. थंडी म्हणून दार लावलेलं होतं. मी समोर बसले आणि विचारलं, "आई, त्या उन्हाळ्यात तुझी पाळी जात होती का गं?"

"हो."

"मग बोलली का नाहीस?"

"तुझ्या त्या गडबडीत माझं कुठे काढायचं."

"आणि कुलूप लावून कशी राहिलीस? तेवढ्या उकाड्यात? मला थंडीत सहन होत नाहीये."

तिने एक शेंग सोलली, दाणे पातेल्यात टाकले. "उकडून कोणी मरत नाही," ती म्हणाली.

बोलता बोलता मला पुन्हा वाफ आली. मी नुसता पदर मानेला लावला. आईने पातेलं बाजूला ठेवलं, गुडघ्यावर हात टेकून उठली, स्वेटरची बटणं गळ्यापर्यंत लावली आणि जाऊन बाल्कनीचं दार उघडलं.